बाई पास, गाडी नापास

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार. हा शब्द केवळ रीत म्हणून लिहिलेला नाही. काल दीड तास मी आपल्या गाडीखाली सगळी अंगं जमिनीला टेकवून पडलो होतो. (फक्त उताणा.) तेव्हा तुमची फार आठवण आली आणि पत्र लिहायचं ठरवलं.

ताईचे डोळे कसे आहेत? पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली, दुसऱ्याची निघायची आहे, दिवसातून सहा वेळा थेंब आणि वाचन पूर्ण बंद, एवढं भाचीकडून कळलं. तुमची कंबर कशी आहे? मुलीच्या घरी खुर्च्या मऊ आहेत असं ऐकतो. मऊ खुर्ची कमरेची वैरीण, हे तुम्हीच मला शिकवलंत, तेव्हा जपा. इथे आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे मी. गाडीचं पुढे येतंच.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. तुमचा फोन ताईच्या उशाशी असतो आणि ती तो स्पीकरवर ठेवते. निरोप पाठवावा तर भाची मोठ्याने वाचून दाखवते. ताईला सध्या वाचता येत नाही, ही पत्राची मोठी सोय आहे. त्या बाजूला येणारं कुणी खात्रीचं मिळालं की हे पाकीट हातीच पाठवीन. कृपा करून एकट्याने वाचा आणि वाचताना चेहरा सरळ ठेवा. (तुमचा चेहरा सरळच असतो. म्हणूनच ताईच्या सख्ख्या भावाने ताईला सोडून तुम्हाला पत्र लिहिलं आहे.)

मला गाडीबद्दल काही साधे तांत्रिक प्रश्न विचारायचे आहेत. तुम्ही तीस वर्षं गॅरेज चालवलंत. त्या तीस वर्षांत, गाडीत अमुक बदल करू का, असं विचारत आलेल्या प्रत्येकाला तुम्ही एकच उत्तर दिलंत: कशाला? चाकं मोठी करू का? कशाला? आवाज वाढवू का? कशाला? गिऱ्हाईक थोडा वेळ उभं राहायचं, स्वतःलाच तो प्रश्न विचारायचं आणि घरी जायचं. त्यामुळे तुमचं गॅरेज कधी मोठं झालं नाही आणि तुमच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या कधी बिघडल्या नाहीत. हे सगळं मला आठवत होतं. आठवत असूनही जे झालं ते असं झालं.

ताई जाताना मला तीन वाक्यं सांगून गेली. गाडी पुसायची. शिकायला येतील त्यांना शिकवायचं. गाडीत काही बदलायचं नाही. तिसरं वाक्य तिने दोनदा सांगितलं, कारण माझी आधीची तीन कामं कशी सुटली हे तिला ठाऊक आहे. (छापखान्यातलं यंत्र मी जास्त वेगाने चालवायला गेलो. पिठाच्या गिरणीतलंही. बर्फाच्या कारखान्याबद्दल घरात बोलत नाहीत.) चौथं काम म्हणजे ताईची ड्रायव्हिंग स्कूल आणि पाचवं कुणी देणार नाही, हेही ती म्हणाली. ती खोटं बोलत नाही.

पहिला आठवडा मी गाडी नुसती पुसली. मग समोर नवी स्कूल उघडली. त्यांची गाडी पांढरी, आत मोठा पडदा, मागे घेताना ती स्वतःच गाते. आपली गाडी अकरा वर्षांची, दारावर ताईच्या हातची लाल अक्षरं: 'सावकाश शिकवू, पक्कं शिकवू'. आपले नऊ शिकाऊ होते, त्यांतले सात रस्ता ओलांडून गेले. दोघं राहिली. एक दातांचे डॉक्टर. ते गिअर बदलताना गाडीला 'आता थोडं दुखेल हं' असं सांगतात, म्हणून नव्या स्कूलने त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या आपल्या शेजारच्या दुकानातल्या टेलरबाई. त्या गेल्या नाहीत, कारण ताई त्यांना म्हणाली होती ते त्यांना ताईच्याच गाडीत खोटं करून दाखवायचं होतं.

ताई काय म्हणाली होती ते तुमच्यासमोरच घडलं. टेलरबाई चौथ्यांदा परीक्षेत नापास झाल्या. चौथ्यांदाही त्याच चढावर, त्याच कारणाने: मध्यावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे आली. ताई म्हणाली, "बाई, तुमचा हात सोन्याचा आहे. पाय राहू द्या." ती हे प्रेमाने म्हणाली. टेलरबाईंनीही ते हसून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फी न विचारता गाडीत येऊन बसल्या. रुग्णालयाचे पडदे आणि चादरी त्या शिवतात. गठ्ठे पोचवायला दर खेपेला दिराला 'जरा सोडता का' म्हणावं लागतं आणि दीर दर खेपेला 'बघू' म्हणतो. अकरा वर्षं 'बघू' ऐकलेल्या माणसाला चार वेळा नापास होण्याचं काही वाटत नाही.

पण दोघांवर स्कूल चालत नाही. मी चौकातल्या टर्बोकडे गेलो. (त्याचं खरं नाव कुणाला माहीत नाही. त्याच्या आईलाही विचारून पाहिलं, ती टर्बोच म्हणाली.) तो गाड्या बदलून देतो. दुकानाच्या भिंतीवर प्लास्टिकमध्ये मढवलेला कागद आहे: 'ग्राहकांचे नेहमीचे प्रश्न'. अकरा प्रश्न, आणि प्रत्येकाचं उत्तर 'होय'ने सुरू होतं. सायलेन्सर बदलल्याने ताकद वाढते का? होय, जाणवते. गाडी खाली घेतल्याने रस्त्यावरची पकड वाढते का? होय. घरचे नाराज होतात का? होय, सुरुवातीला. तीस वर्षं 'कशाला' ऐकलेल्या घरातला माणूस मी. एका कागदावर अकरा वेळा होय वाचून मला काय झालं असेल, याचा विचार करा.

सुरुवात सायलेन्सरने झाली. तांत्रिक प्रश्न पहिला: सायलेन्सर बदलल्याने गाडीची ताकद वाढते का? माझं निरीक्षण असं की गाडीची वाढत नाही, आवाजाची वाढते. आपण गल्लीच्या तोंडाशी असलो की दुसऱ्या टोकाचे लोक कडेला होतात. सायकली भिंतीला लागतात. दोन दिवस रस्ता असा मोकळा मिळाला की डॉक्टरांना हॉर्न कुठे असतो ते आठवेना. आणि या सगळ्या गर्जनेत दारावर 'सावकाश शिकवू'. लोक थांबून वाचायचे. तीन नवे शिकाऊ आले. मला वाटलं, जमलं.

मग टर्बो म्हणाला, आवाज एवढा आणि गाडी एवढी उंच, शोभत नाही. म्हणून स्प्रिंगा बदलल्या आणि गाडी चार बोटं खाली बसली. दिसायला छान दिसते, दबा धरून बसलेल्या मांजरासारखी. पण आपल्या दारासमोरचा स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहे. सरळ गेलं की पोट घासतं. त्यावर उपाय म्हणजे तिरकं जायचं, एकेक चाक चढवायचं आणि वजनदार माणसाने आधी उतरायचं. (वजनदार माणूस मीच. दिवसातून वीस वेळा मी उतरतो, गाडीबरोबर चालतो, पुन्हा बसतो.) शिकाऊंना वाटलं, हा नियमच आहे. त्यांतल्या एकाने वहीत लिहूनही घेतलं: 'स्पीडब्रेकर आला की शिक्षकांना उतरवावे.'

खाली बसलेल्या गाडीला जुनी चाकं बारीक दिसू लागली, म्हणून मोठी चाकं. मोठी चाकं पूर्ण वळवली की आतून घासतात, म्हणून पूर्ण वळवायची नाहीत. जी गाडी ताई तीन फटक्यांत उलटी फिरवायची, ती आम्ही सात फटक्यांत फिरवतो. शिवाय मोठ्या चाकांमुळे वेगाचा काटा कमी दाखवतो: त्यावर वीस असतात तेव्हा गाडी बावीस-तेवीसने जात असते. मी शिकाऊंना सांगतो, दिसतं त्यात दहावा हिस्सा मिळवा. डॉक्टर मिळवतात आणि तोवर वळण निघून जातं.

प्रत्येक उत्तराच्या पोटात पुढचा प्रश्न असतो, दाजी, हे मला तुमच्या गॅरेजात कधी कळलं नाही, कारण तुम्ही पहिलं उत्तरच देत नव्हता. टर्बो म्हणाला, चाकं जड झाली, आता इंजिनाच्या कॉम्प्युटरची मांडणी बदलायला हवी. त्याने बॉनेटही उघडलं नाही. स्टिअरिंगखाली एक वायर जोडली, मांडीवर लॅपटॉप घेतला, शिटी वाजवत दहा मिनिटं बसला आणि म्हणाला, "आता बघा." दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी 'आता थोडं दुखेल हं' म्हणत अॅक्सिलरेटरला नुसता अंगठा लावला आणि गाडी टेलरबाईंच्या दुकानात गेली. पूर्ण नाही, बॉनेटपर्यंत. दारात अर्धवट शिवलेला कोट घातलेला पुतळा होता, तो आडवा झाला. ब्रेक मी माझ्या बाजूच्या पेडलने लावला. (शिक्षकाच्या पायाखाली दुसरे क्लच-ब्रेक असणं, हा माणसाने गाडीत केलेला एकमेव शहाणा बदल आहे. तो तुम्ही केलात.) टेलरबाईंनी पुतळा उभा केला, कोटाची बाही तपासली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "माप द्यायला आलात का?"

आता मुख्य भाग. ताकद वाढली तसा क्लच घसरू लागला. इंजिन ओरडायचं आणि गाडी विचार करत उभी राहायची. टर्बोने जुनी क्लच प्लेट काढली आणि शर्यतीच्या गाडीचा क्लच घातला. त्याच्या भिंतीवरच्या दहाव्या प्रश्नाचं उत्तर आहे: होय, थोडा कडक असतो. थोडा म्हणजे असा की पहिल्या दिवशी तीन नव्या शिकाऊंपैकी दोघं रस्ता ओलांडून पांढऱ्या गाडीकडे गेली. तिसरा रस्ता न ओलांडताच घरी गेला. हाफ क्लच म्हणून जो प्रांत असतो तो या क्लचला नाहीच. एक तर धरला, नाहीतर सोडला. मी स्वतः चारदा बंद पाडली. डॉक्टरांनी प्रयत्न केला नाही. ते म्हणाले, हा दात आपण राहू देऊ.

मग टेलरबाई बसल्या. त्यांनी पाय ठेवला. एकदा दाबला, सोडला. पुन्हा दाबला, सोडला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवूनच, मशीन सुरू करण्याआधी पायडल हलवून बघतात तसा. मग पहिला गिअर टाकला आणि गाडी निघाली. धक्का नाही, काही नाही. चौकाला वळसा घालून परत आलो. मी विचारलं, हे कसं झालं? म्हणाल्या, "आधीचा क्लच जुन्या रेशमासारखा होता. कुठे धरतोय ते कळायचंच नाही, हातातून निसटायचा. हा जाड कापडासारखा आहे. याला कड आहे." तीस वर्षं ज्या पायाने पायडल मारलं त्या पायाला कड लागते, एवढंच होतं ते. दोन वर्षं आम्ही त्यांना सांगत होतो, सावकाश सोडा, सावकाश. त्या सावकाश सोडत होत्या. क्लचच नव्हता.

बुधवारी परीक्षा झाली. डॉक्टर आधी गेले. मैदानावरचा स्पीडब्रेकर त्यांनी तिरका घेतला आणि त्याआधी परीक्षक साहेबांना अदबीने उतरायला सांगितलं. साहेब तेवीस वर्षं परीक्षा घेतात, त्यांना असं कुणी सांगितलं नव्हतं. ते उतरले. 'सावधगिरी' या रकान्यात डॉक्टरांना पूर्ण गुण मिळाले. (क्लचचं म्हणाल, तर आदल्या दिवशी टेलरबाईंनी त्यांच्या पायावर आपला पाय ठेवून शिकवला. पासष्ट वर्षांच्या बाई, डॉक्टर लाजेने लाल.) मग टेलरबाईंची पाळी. चढ तोच. मध्यावर थांबल्या. साहेब म्हणाले, निघा. निघाल्या. दाजी, गाडी एक दोराभरही मागे आली नाही. मी खाली उभा होतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसतोय तोवर चढाच्या माथ्यावर गाडीचं पोट टेकलं. पुढची चाकं हवेत, मागची चाकं हवेत, मध्ये गाडी तराजूसारखी, आणि आत टेलरबाई आणि साहेब हळूहळू खालीवर होतायत. साहेबांनी तिथेच बसून कागद भरला. मी, डॉक्टर आणि पांढऱ्या गाडीचा शिक्षक यांनी मिळून गाडी ढकलली. साहेब उतरले, कपडे झटकले आणि म्हणाले, "बाई पास. गाडी नापास."

आणि तेच लिहूनही दिलं. पंधरा दिवसांत गाडी कागदपत्रात आहे तशी करून दाखवावी, नाहीतर शिकवण्याचा परवाना थांबेल. कागद मालकाच्या नावाने आहे. म्हणजे ताईच्या. तो या पाकिटात आहे.

मी तसाच टर्बोकडे गेलो. म्हटलं, गाडी पहिल्यासारखी करून दे. त्याला प्रश्न कळला नाही. पुन्हा सांगितलं. भिंतीवरच्या अकरा प्रश्नांत हा नव्हता, मी वर-खाली दोनदा वाचलं. टर्बोने हात पुसले, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, "कशाला?"

तेव्हा आता तुम्हीच. माझे प्रश्न असे. स्प्रिंगा काढताना त्या उडून तोंडावर येऊ नयेत म्हणून काय करतात? (काल गाडीखाली याच विचारात दीड तास गेला.) कॉम्प्युटरची जुनी मांडणी परत येते का, की माणसासारखं आहे? आणि हे सगळं ताईच्या नजरेस पडण्याआधी होईल का? ती इथे आली आणि गाडी अशी दिसली, तर चौथंही काम गेलं. पाचवं नाही, हे तिने सांगितलंच आहे. तुमच्या बंद गॅरेजचं शटर मी न विचारता उघडलेलं नाही. उत्तर लवकर द्यावं. ताईच्या डोळ्यांना आराम पडो, तुमच्या कमरेलाही.

तुमचा धाकटा मेव्हणा

ता. क. काल लिहायचं राहिलं. माझा डावा गुडघा भोपळ्याएवढा सुजला आहे. शिकाऊने चूक केली की क्लच मला दाबावा लागतो, आणि त्या क्लचच्या कडकपणाबद्दल वर लिहिलंच आहे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे जिना नाही, गाडी नाही. खेळाडू आहात का, असंही विचारलं. मी हो म्हणालो.

ता. क. २. आत्ता ताईचा फोन आला. रविवारी दुसरी पट्टी निघते, सोमवारी सकाळी तिला घरी यायचं आहे, आणि भाड्याच्या गाडीत ती बसणार नाही. "आपली गाडी पाठव. कुणीही चालवो, माझ्या हाताखाली शिकलेलं असलं म्हणजे झालं." मी गुडघ्याचं सांगितलं. त्यावर म्हणाली, तुला कोण बोलावतंय.

ता. क. ३. तुमच्या गॅरेजचं शटर उघडलं. माफ करा. डिकीत पुढील वस्तू आहेत: जुन्या स्प्रिंगा, जुना सायलेन्सर, जुनी चाकं दोन (दोन मागच्या सीटवर), जॅक आणि तुमची हत्यारांची पेटी. या वजनाने गाडी आणखी दोन बोटं खाली गेली आहे, तेव्हा भाचीच्या फाटकाशी तिरकं आत घ्यायला सांगितलं आहे. होय दाजी, पाकीट आणणाऱ्या टेलरबाईच आहेत. सव्वाशे किलोमीटर, एकट्या. तुम्ही हे वाचताय म्हणजे त्या पोचल्या. तुमच्याआधी ते ताईला कळलं असेल, कारण तिचे कान चांगले आहेत. म्हणून सायलेन्सर सगळ्यात आधी बदला. थेंब घातले की ती दोन तास डोळे मिटून पडते, भाचीने सांगितलंय. तुम्ही वाकू नका. उभं राहून सांगा, पाना टेलरबाई फिरवतील. त्या म्हणतात, उसवायला शिवण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

ता. क. ४. जुनी क्लच प्लेट वेगळ्या फडक्यात बांधली आहे. ती फक्त तुम्ही बघा. नखासारखी पातळ झाली आहे. एका दिवसात अशी होत नाही, सहा-सात वर्षं लागतात. ताईला तिची सवय झाली होती, म्हणून तिला दोष पायात दिसला. पण ताईने तुम्हाला कधीतरी विचारलं असेलच, क्लच बदलायचा का? तुम्ही काय म्हणाला असाल ते मला माहीत आहे. ही प्लेट ताईला दाखवायची की नाही, हे मी तुमच्यावर सोपवतो, आणि माझ्या नोकरीचं काय ते तुम्ही ताईशी बोलाल, असा मला विश्वास वाटतो.

ता. क. ५. पाकीट चिकटवत होतो तोवर टेलरबाई किल्ली न्यायला आल्या. त्यांचा निरोप असा: बाकी सगळं उसवा, नवा क्लच राहू द्या. साहेबांच्या कागदात क्लचचं काही लिहिलेलं नाही, त्यांनी दोनदा वाचलं. आणि ताईंना मागे झोपवून आणू नका, त्यांच्या शिकवण्याच्या नेहमीच्या जागेवर बसवा. डोळे मिटलेले असले तरी चालेल, पाय पेडलवर असू देत. तेव्हा दाजी, सोमवारी गाडी फाटकाबाहेर पडताना ताईच्या पायाला कळेलच. कुणी केलं, असं तिने विचारलं तर माझं नाव सांगा. कशाला, असं विचारलं तर स्टिअरिंगवर बसलेल्या बाईंकडे बोट दाखवा.